ओल कोणाची?

दोस्तहो, इतिहास म्हटला की आपण तळ्याचा लिहितो, मंदिराचा लिहितो, मोर्च्याचा लिहितो. लिहायलाच पाहिजे. मी आज भिंतीवरच्या ओलीचा इतिहास लिहितोय. हसू नका. ह्या ओलीपायी आपल्या किती पिढ्या खोकल्या, किती भाडेकरूंनी बोलणी खाल्ली आणि किती मालकांनी हात झटकले, ह्याचा हिशेब आपण मांडलेला नाही. मी शिकलेला इतिहासकार नाही. दहावीनंतर सूतगिरणीत लागलो. रात्रपाळी करून दिवसा वाचनालयात बसलो, त्यातलं जेवढं पक्कं समजलं तेवढंच इथं ठेवतो.

माझं लहानपण लालबागच्या बाजूला, एका खाजगी मालकाच्या चाळीत गेलं. आजीची खोली, दहा बाय बारा. आजोबा गिरणीत रिंग खात्यात होते. 1982 च्या संपानंतर गिरणी गेली, पुढं आजोबाही गेले, खोली तेवढी राहिली. मोरीच्या वरच्या भिंतीला दर आषाढात ओल फुटायची. आधी चुना फुगायचा, मग पोपडे पडायचे, मग काळे ठिपके. श्रावण संपेस्तोवर ठिपक्यांची बुरशी व्हायची. ट्रंकेतले कपडे कुबट, वाकळ दमट, तांदळाला वास. धाकटी बहीण जून ते सप्टेंबर रात्र-रात्र खोकायची. आजी तिला मांडीवर घेऊन भिंतीपासून लांब, दाराशी बसून राहायची. दिवाळीला बाप भिंत खरवडायचा, वर रंग मारायचा. पुढच्या आषाढात पुन्हा तेच.

भाडं न्यायला मालकाचा मेहता यायचा. आजी म्हणायची, "मेहताजी, जरा भिंत बघा की." तो दारातूनच बघायचा. उंबरा ओलांडायचा नाही. म्हणायचा, "बाई, तुम्ही लोक पाणी फार सांडता. कपडे आत वाळवता. खोली स्वच्छ ठेवायला शिका जरा." चार घरची धुणीभांडी करून, दुसऱ्यांच्या लाद्या लख्ख करून आलेल्या बाईला तो स्वच्छता शिकवायचा. आजी गप्प बसायची. मी मात्र ते 'तुम्ही लोक' विसरलो नाही. ओल भिंतीवर आणि गुन्हेगार आम्ही, हे कसं झालं, ह्याचा शोध मी तेव्हापासून घेतोय.

ओल येते कुठून

आधी ओल म्हणजे काय ते बघू. हे मला गिरणीनं शिकवलं. कापसाच्या धाग्याला दमट हवा लागते. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, माल वाया जातो. म्हणून आमच्या खात्यात पाण्याचा बारीक फवारा हवेत सोडणारं यंत्र आहे, आणि हवेत दमटपणा किती टक्के ते सांगणारं मापक भिंतीवर लावलंय. पाळीत ठरलेल्या वेळी ते वाचून वहीत आकडा लिहितात. म्हंजे हवेतलं पाणी मोजता येतं, वाढवता येतं, कमी करता येतं. त्यात नशिबाचा काही संबंध नाही.

घरात ओल तीन वाटांनी येते. पहिली वरून किंवा बाजूनं : फुटलेली कौलं, तुंबलेली पन्हळ, भेगाळलेला गिलावा, वरच्या मजल्यावरच्या मोरीचा गळका पाइप. दुसरी खालून : जमिनीतलं पाणी वीट आणि चुना शोषून घेतात आणि दिव्याच्या वातीसारखं वर चढवतात. तळमजल्याच्या खोल्यांना गुडघा-कमरेइतक्या उंचीचा जो पट्टा दिसतो तो बहुतेक हा. तिसरी आतून : माणसांचा श्वास, भाताच्या पातेल्याची वाफ, आत वाळत घातलेले कपडे. ही वाफ गार भिंतीला लागली की तिचं पाणी होतं. खिडकी असेल, वारा खेळत असेल तर वाफ बाहेर जाते. नसेल तर भिंतीवर बसते. बुरशीचे बीजकण हवेत सगळीकडे असतातच. त्यांना फक्त ओल पाहिजे, आणि ती वाळणार नाही एवढा वेळ. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 साली घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. अशा घरांत राहणाऱ्यांना श्वासाचे विकार आणि दमा जास्त होतो, असं त्यात स्वच्छ सांगितलंय.

आता जबाबदारी बघा. पहिल्या दोन वाटा इमारतीच्या. तिसरी वाट अर्धी माणसाची, अर्धी इमारतीची. कारण भाडेकरू खोली भाड्यानं घेतो, खिडकी किती ठेवायची ते ठरवत नाही. ओल कुठल्याही वाटेनं आलेली असो, मालक बोट दाखवतो ते तिसऱ्या वाटेकडं, आणि तिच्यातल्याही फक्त माणसाच्या अर्ध्याकडं. ह्या बोट दाखवण्याला फार जुना इतिहास आहे.

प्लेग आणि यू. एच. एच.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेगचे रोगी सापडले. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. त्या काळच्या साहेबांची समजूत अशी की रोग घाणीतून, अंधारातून, ओल्या जमिनीतून उठतो. उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते हे पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवलं, पण ते सगळ्यांना पटायला पुढं बरीच वर्षं गेली. तोवर सरकारचं युद्ध खोल्यांशी चाललं. गटारांत औषधं ओतली, भिंतींना चुना फासला, उजेड आत यावा म्हणून छपरांची कौलं काढली. 1897 मध्ये साथरोगांचा कायदा आला. जे घर राहायला अयोग्य ठरलं त्याच्यावर यू. एच. एच. ही इंग्रजी अक्षरं रंगवली. अर्थ : माणसांनी राहण्यास अयोग्य.

अक्षरं रंगली घरावर, पण डाग लागला राहणाऱ्याला. बिनखिडकीच्या खोल्या एकाला एक चिकटवून कुणी बांधल्या, त्यांचं भाडं कुणी खाल्लं, हा सवाल मागं पडला. गरीब माणूस घाणेरडा, म्हणून घर घाणेरडं, म्हणून रोग, अशी साखळी तयार झाली. गावात आपल्याला अस्वच्छ ठरवायला धर्म होता. शहरात त्याच कामाला अर्धवट शास्त्र मिळालं.

1898 साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गलिच्छ वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, गरिबांसाठी चाळी बांधायच्या. ट्रस्टच्या चाळी म्हंजेच आपल्या बी.आय.टी. चाळी. ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी उजेडाचं गणितच मांडलं. खोलीला आभाळाकडून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनातून उजेड यायला पाहिजे. सोप्या भाषेत, समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर मध्ये वीस फूट मोकळी जागा पाहिजे. प्लेगबद्दल साहेब चुकले होते, पण उजेड-वाऱ्याबद्दल नाही. वारा आला की भिंत वाळते. ह्या गणिताचा एक अर्थ फार मोठा आहे : ओल ही बांधणीची गोष्ट आहे, हे सरकारी कागदानं शंभर वर्षांपूर्वी कबूल केलं होतं. पण व्यवहार उलटा झाला. पहिल्या वीस वर्षांत ट्रस्टनं जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्याही बांधल्या नाहीत. पाडलेल्या खोल्यांतली माणसं गेली कुठं? शेजारच्या चाळीत, आधीच भरलेल्या खोलीत.

ती खोली कशी होती ते 1922 च्या एका नोंदीत सापडतं. गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाची चौकशी करायला सरकारनं डॉ. बार्न्स नावाच्या बाई नेमल्या होत्या. त्यांना एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर पंधरा फूट बाय बारा फुटांची एक खोली दिसली. तिच्यात सहा कुटुंबं, सहा चुली, आणि मुलंबाळं धरून 30 माणसं. सहा बायांपैकी तिघी बाळंत व्हायच्या होत्या. तीस माणसांचा श्वास आणि सहा चुलींची वाफ, बारा फुटी भिंतीवर. मालकानं तिथंही म्हटलं असेल का, की तुम्ही लोक पाणी फार सांडता?

झावळ्या, ट्रस्टची चाळ आणि बीडीडी

ही झाली खोली मिळालेल्यांची गोष्ट. ज्यांची सावली चालत नव्हती त्यांना खोली सहज मिळत नव्हती. बर्नेट-हर्स्ट यांचं मुंबईतल्या कामगारांवर आणि त्यांच्या घरांवर 1925 साली पुस्तक निघालं. त्यात माडाच्या-ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्यांचं वर्णन आहे. आपली माणसं अशाच आडोशाला राहत होती. तिथं भिंतच नाही, तर ओलीची तक्रार कुणाकडं करणार?

म्हणून सार्वजनिक पैशातून बांधलेल्या चाळी आपल्यासाठी महत्त्वाच्या ठरल्या. बाबासाहेबांचं कुटुंब मुंबईत आलं तेव्हा परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिलं. पुढं परळलाच ट्रस्टच्या एक नंबरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, 50 आणि 51 नंबरच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड होतं. परदेशातून पदव्या घेऊन आल्यावरही ते तिथंच राहिले. महाडच्या वेळी ते त्याच चाळीत राहत होते, गोलमेज परिषदेच्या वेळीही. 1934 साली ते दादरला राजगृहात गेले. आपण राजगृहासमोर हात जोडतो. ट्रस्टच्या त्या दोन खोल्यांसमोरही एकदा उभं राहून बघा. पुस्तकावर जीव लावणाऱ्या माणसाला ओल म्हंजे काय, ते मुंबईच्या चाळीत राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. गव्हर्नर होते जॉर्ज लॉईड. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावून पैसा उभा केला. पन्नास हजार खोल्यांचा बेत होता. झाल्या सोळा हजारांच्या वर काही. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी. एका चाळीत 80 खोल्या, एक खोली 160 चौरस फूट, संडास सामाईक. वरळीची बीडीडी म्हटली की आपल्याला 1974 ची दंगल आठवते, पँथर आठवते. तो इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्याच भिंती त्याआधी पन्नास वर्षं ओल पीत होत्या. आज त्या चाळी पाडून जागी उंच इमारती उभ्या राहतायत. चाळीबरोबर तिच्या भिंतीचाही इतिहास जाणार, म्हणूनही हे लिहून ठेवतोय.

गिरणीची भिंत आणि आपली भिंत

आता एक गोष्ट सांगतो, जी वाचून मी त्या दिवशी वाचनालयातून उठलो आणि रस्त्यानं नुसता चालत राहिलो. 1948 चा कारखाने अधिनियम, 2025 पर्यंत लागू असलेला. त्याचं कलम 11 स्वच्छतेचं होतं. कारखान्याच्या आतल्या ज्या भिंतींना तेलरंग किंवा धुता येणारा रंग नाही, त्यांना चौदा महिन्यांतून निदान एकदा चुना मारलाच पाहिजे, आणि मारल्याची तारीख नोंदवहीत लिहिली पाहिजे, असं ते सांगत होतं. कलम 15 दमटपणाचं. हवा कृत्रिम रीतीनं दमट करत असाल तर तिचं प्रमाण, तिची तपासणी, आणि त्यासाठी वापरायचं पाणी, ह्या सगळ्यावर सरकारचे नियम होते. पाणी सार्वजनिक पुरवठ्याचं किंवा पिण्याजोगं पाहिजे होतं, नाहीतर शुद्ध केलेलं.

हे नियम कामगारांनी झगडून मिळवले, ते चांगलेच होते. माझा सवाल वेगळा आहे. मी आठ तास ज्या भिंतीजवळ उभा राहतो तिला त्या कायद्यानं तारीख होती. उरलेले सोळा तास मी ज्या भिंतीजवळ जेवतो, झोपतो, जिथं माझी बहीण खोकते, तिला तारीख नाही. धाग्याजवळची ओल मोजून वहीत जाते. आजीच्या उशाजवळची ओल मोजायला कुणी येत नाही. धागा तुटला तर मालकाचं नुकसान, बहीण खोकली तर आमचं. ही त्या दोन भिंतींमधली तफावत.

कायदा काय म्हणतो

पण म्हणून घराच्या भिंतीला कायदाच नाही असं समजू नका. आहे. मालकाच्या मेहत्यानं तो आपल्याला सांगितला नाही एवढंच.

1882 चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा बघा. त्याचं कलम 108 मालकाची आणि भाडेकरूची दोघांची कर्तव्यं सांगतं. करारात वेगळं काही नसेल तर, जागेत लपलेला मोठा दोष मालकाला माहीत असेल आणि साध्या नजरेला दिसत नसेल, तर तो त्यानं सांगितला पाहिजे. जी दुरुस्ती मालकानं करायची बांधलेली आहे, ती त्यानं नोटीस देऊनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूनं करून खर्च भाड्यातून कापावा. भाडेकरूनं काय करायचं? घेतली तशी जागा ठेवायची, वापरानं होणारी साधी झीज सोडून. आपल्या हातून बिघाड झाला तर आपण भरून द्यायचा.

पुढं पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून 1918 मध्ये भाडेनियंत्रण आलं. मग 1947 चा मुंबई भाडे कायदा. त्यानं सप्टेंबर 1940 चं भाडं प्रमाण धरलं आणि मालकावर बंधन घातलं : जागा राहण्याजोग्या दुरुस्त स्थितीत ठेव. ह्या कायद्यानं गिरणगाव वाचवलं. भाडं वाढवून माणसाला रस्त्यावर काढणं बंद झालं. पण एक भोकही पडलं, ते आपण लपवू नये. भाडं गोठलं, चुना-सिमेंटचे भाव गोठले नाहीत. मालक म्हणायला लागला, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू? पागडी घेताना मात्र तो सवाल त्याला पडत नव्हता. भाडं गोठल्याचं कारण खरं होतं, पण ते त्यानं दुरुस्ती न करण्याची सनद म्हणून वापरलं. आणि ओल थांबत नसते. ती आधी चुना खाते, मग तुळईचं लाकूड खाते, मग लोखंड.

1969 साली सरकारला इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. मुंबई बेटावरच्या सुमारे साडेएकोणीस हजार जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला, आणि मोडकळीला आलेल्या सांगाड्याची दुरुस्ती मंडळाकडं गेली. 1977 पासून ते काम म्हाडाकडं आहे. म्हंजे मालकाचं काम भाडेकरूच्या उपकरावर आणि सरकारच्या पैशावर आलं. मालकी त्याचीच राहिली.

आज लागू आहे तो 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. 31 मार्च 2000 पासून. त्याचं कलम 14 पाठ करा. भाडेकरूनं उलट करार करून दिला नसेल, तर जागा चांगल्या, राहण्याजोग्या स्थितीत ठेवायला मालक बांधलेला आहे. त्यानं हयगय केली तर एकट्यानं किंवा सगळ्या भाडेकरूंनी मिळून निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची. तरी वाजवी वेळेत केलं नाही तर आपण दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून कापायचा. मात्र एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपेक्षा जास्त नको.

आमची नोटीस

हे वाचून चार वर्षांपूर्वी मी आजीच्या चाळीत गेलो. गिरणीतली वहीची सवय कामी आली. आजीला म्हटलं, "रोज सकाळी भिंतीला हात लाव आणि कॅलेंडरवर खूण कर. ओली असली तर फुली, सुकी असली तर गोल." म्हातारीनं एक दिवस चुकवला नाही. आषाढात सगळ्या फुल्या, ते अपेक्षितच होतं. पण मार्चमध्येही फुल्या. मार्चमध्ये पाऊस नाही. खोलीत आजी एकटी, म्हंजे श्वासाची वाफ ती किती! तर ही ओल आभाळाची नाही आणि आमच्या सवयीचीही नाही. ती भिंतीतल्या पाइपाची आहे. वरच्या-खालच्या खोल्यांत चौकशी केली, तर त्या एका रेषेतल्या सहाही खोल्यांत मार्चमध्ये तीच भिंत ओली.

सहा खोल्यांची मिळून नोटीस लिहिली. पाच जणांनी सह्या केल्या. सहाव्या खोलीतले काका म्हणाले, "पोरा, माझी पागडीची पावती धड नाही. मालकाशी वाकडं नको." त्यांना मी दोष देत नाही. भाडेकरूची भीती हाही ह्या इतिहासाचा भाग आहे. नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवली, सोबत कॅलेंडरची नक्कल. पंधरा दिवस गेले, आणखी महिना गेला, उत्तर नाही. मग पाच खोल्यांनी वर्गणी काढून प्लंबर आणला. भिंत फोडली तर आतला बिडाचा पाइप उभा चिरलेला. पाइप बदलून, गिलावा करून खर्च तेरा हजार.

आता हिशेब ऐका. एका खोलीचं भाडं महिना 180. वर्षाचे झाले 2160. त्याची चौथाई 540. पाच खोल्यांचे 2700. तेरा हजार फिटायला जवळजवळ पाच वर्षं. कायदा आहे, पण किती तोकडा आहे, ते ह्या आकड्यांत दिसतं. मेहत्यानं कापलेलं भाडं घ्यायला नकार दिला. आम्ही मनिऑर्डरनं पाठवलं, पावत्या जपून ठेवल्या. पुढं एक दिवस तो आला. पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आला. भिंतीला हात लावून बघितला. भिंत सुकी होती. काही न बोलता गेला. सहाव्या खोलीतले काका आता स्वतःचं कॅलेंडर ठेवतात.

बहीण मोठी झाली, खोकला कमी झाला. भिंतीमुळं की वयामुळं, ते मी सांगू शकत नाही. आजी मात्र आता भिंतीला टेकून बसते.

रॉचडेलचं पोर

हे सगळं फक्त आपल्याकडंच घडतं असं वाटत असेल तर इंग्लंडातल्या रॉचडेलकडं बघा. तेही आपल्यासारखंच सूतगिरण्यांचं गाव. 1844 साली तिथल्या कामगारांनी सहकारी दुकान काढलं, जगातली सहकारी चळवळ त्यांचं नाव घेते. मी ज्या सहकारी सूतगिरणीत राबतो तिचीही ती पणजी म्हणायची. त्या गावात सुदानमधून आलेलं एक कुटुंब एका गृहसंस्थेच्या भाड्याच्या घरात राहत होतं. भिंतींवर बुरशी. बापानं 2017 पासून तक्रार केली. उत्तर मिळालं, वर रंग मारा. 2020 च्या डिसेंबरात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अवाब इशाक मेला. 2022 मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं निकाल दिला : घरातल्या बुरशीत फार काळ राहिल्यानं श्वासाचा गंभीर विकार, त्यानं मृत्यू. आणि गृहसंस्था काय समजून चालली होती? की ओल ह्या कुटुंबाच्या राहणीमुळं, त्यांच्या आंघोळीच्या पद्धतीमुळं येते. नंतर तिला कबूल करावं लागलं की हे गृहीतच चुकीचं होतं.

वाचलं आणि मला मेहता आठवला. तुम्ही लोक पाणी फार सांडता.

त्या पोराच्या नावानं इंग्लंडात कायदा झाला. 27 ऑक्टोबर 2025 पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना मुदत लागली. जिवाला तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत काम, ओल-बुरशीचा मोठा धोका असेल तर दहा कामाच्या दिवसांत पाहणी. भिंतीला तारीख मिळाली. पण एका लेकराचा जीव गेल्यावर.

आपण काय करायचं

आपल्या बाजूचं काम आपण चोख करू. स्वयंपाक करताना खिडकी-दार उघडं ठेवू. कपडे शक्य तेवढे गॅलरीत वाळवू. ट्रंक-कपाट भिंतीपासून चार बोटं सरकवू. मोरीची जाळी तुंबू देणार नाही. आपल्या हातून फुटलं ते आपण नीट करू. आणि ओल दिसली की त्याच आठवड्यात लेखी कळवू, कारण न कळवलेला दोष उद्या आपल्याच माथी मारतात. एवढं केल्यावर उरते ती ओल मालकाची.

गिरणीजवळच्या खोल्यांत राहणारी माझ्यासारखी पोरं अकरा महिन्यांच्या लायसन्सवर राहतात. कायद्यात ते भाडेकरू धरले जात नाहीत, म्हणून कलम 14 वर भरवसा ठेवू नका. छप्पर, पाइप, भिंत कोण दुरुस्त करणार, हे करारातच लिहून घ्या. करार लेखी आणि नोंदवलेला असणं कलम 55 नं सक्तीचं आहे, ती जबाबदारी मालकाची आहे. तो नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. आणि वस्तीत पत्र्याखाली राहणाऱ्या आपल्या निम्म्या माणसांना तर कागदावर मालकच नाही. त्यांच्या ओलीचा जाब पालिकेला आणि सरकारला विचारायचा. तो लढा वेगळा, मोठा, पण त्यालाही पुरावा लागतो.

म्हणून एक काम करा. आपापल्या वस्तीत, चाळीत दहा घरं धरा. प्रत्येक घरात एक कॅलेंडर द्या. वर्षभर फुली आणि गोल. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही फुली येते. शाखेच्या बैठकीत ती कॅलेंडरं शेजारी-शेजारी लावा, ओल कुणाची ते भिंतच सांगेल. आणि ती आमच्याकडंही पाठवा. पुढच्या अंकात आपण ती छापू, खोली नंबर आणि महिन्यासकट.

जयभीम.